मनिलात वाढते, सांगलीत गोठते: ब्रिटनच्या स्टेट पेन्शनचं कोडं

दर एप्रिलमध्ये ब्रिटनहून एक बातमी येते: सरकारी पेन्शन वाढली. एप्रिल 2026 मध्ये ती 4.8 टक्क्यांनी वाढली आणि पूर्ण पेन्शनचा दर आठवड्याला 241.30 पौंड झाला. इंग्लंडमध्ये उमेदीची वर्षं घालवून आता पुण्यात, नाशिकला किंवा मडगावात राहणारे निवृत्त लोकही ही बातमी वाचतात. त्यांच्या खात्यात मात्र गेल्या वर्षी जेवढे पौंड येत होते तेवढेच येतात. पुढच्या वर्षीही तेवढेच येतील, आणि ते ऐंशी-नव्वद वर्षांचे होतील तेव्हाही तेवढेच.

अनेकांना ही बँकेची चूक वाटते. काहींना वाटतं, एखादा फॉर्म भरायचा राहिला असेल. तसं काही नाही. हा ब्रिटनचा लेखी नियम आहे आणि जगभरातल्या सुमारे साडेचार लाख निवृत्तांना तो लागू आहे. त्यातले बहुतेक ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि न्यूझीलंडमध्ये स्थायिक झालेले ब्रिटिश नागरिक आहेत. भारतात परतलेले लोक त्या मानाने थोडे, पण नियम त्यांनाही तोच. मुलं लंडनला असोत किंवा आपण स्वतः बर्मिंगहॅमहून परतायचा विचार करत असू, हा नियम विमानाचं तिकीट काढण्याआधी कळायला हवा. म्हणून जरा सावकाशीने समजून घेऊ.

## एकाच वॉर्डातल्या दोघी

समजा, लंडनच्या एका सरकारी रुग्णालयात दोन परिचारिका आहेत. एक सांगलीच्या सुनंदाताई, दुसरी फिलिपिन्सची मारिया. दोघींनी एकाच वॉर्डात पस्तीस वर्षं रात्रपाळ्या केल्या. पगार सारखा, पगारातून होणारी कपातही सारखी. 2016 मध्ये दोघी निवृत्त झाल्या. हिशेब सोपा राहावा म्हणून दोघींना पूर्ण पेन्शन बसली असं धरू. त्या वर्षी तो दर आठवड्याला 155.65 पौंड होता. (खरं तर रुग्णालयाच्या वेगळ्या पेन्शन योजनेत असलेल्या अनेकांना यापेक्षा कमी बसते.)

त्याच वर्षी मारिया मनिलाला परतली आणि सुनंदाताई सांगलीला.

आज मारियाला आठवड्याला 241.30 पौंड मिळतात. सुनंदाताईंना 155.65. फरक आठवड्याला 85.65 पौंडांचा, म्हणजे वर्षाला साधारण 4,450 पौंड. पौंड 115 रुपयांचा धरला तर वर्षाला पाच लाख रुपयांहून जास्त. दरवर्षीच्या वाढी मांडून मी बेरीज केली, तर मार्च 2026 पर्यंत सुनंदाताईंच्या हातून सुमारे 14,900 पौंड गेलेले होते.

काम सारखं, कपात सारखी, वय सारखं. फरक एवढाच की फिलिपिन्स ब्रिटनच्या एका यादीत आहे आणि भारत नाही.

## आधी तीन शब्द

ब्रिटनमध्ये नोकरी करणाऱ्याच्या पगारातून नॅशनल इन्शुरन्स नावाची कपात होते. ती ऐच्छिक नसते. या कपातीच्या नोंदीवर म्हातारपणी सरकारकडून जी रक्कम मिळते ती स्टेट पेन्शन. एप्रिल 2016 पासून पेन्शनचं वय गाठणाऱ्यांना जी नवी पद्धत लागू आहे, तिच्यात पूर्ण रक्कम मिळण्यासाठी साधारण 35 वर्षांची नोंद लागते. किमान 10 वर्षं भरली नसतील तर काहीच मिळत नाही. पेन्शनचं वय आजवर 66 होतं. एप्रिल 2026 पासून ते टप्प्याटप्प्याने 67 कडे सरकू लागलं आहे.

तिसरा शब्द तिहेरी कुलूप. बातम्यांत तो सारखा येतो. पगारवाढ, महागाई आणि 2.5 टक्के या तीन आकड्यांतला जो सर्वांत मोठा, तेवढी पेन्शन दरवर्षी वाढवायची, असा हा वायदा आहे. त्यामुळेच एप्रिल 2023 मध्ये पेन्शन एकदम 10.1 टक्क्यांनी वाढली आणि पुढच्या वर्षी 8.5 टक्क्यांनी. महागाईने होरपळलेल्या म्हाताऱ्या माणसांना या वाढीचा मोठा आधार झाला. मात्र ती ठरावीक देशांत राहणाऱ्यांनाच मिळाली.

यादीबाहेरच्या देशात पेन्शन बंद होत नाही, ती मिळतच राहते. फक्त ज्या दिवशी पेन्शन सुरू झाली, किंवा पेन्शन सुरू असताना ज्या दिवशी तुम्ही त्या देशात राहायला गेलात, त्या दिवशीचा आकडा कायमचा चिकटतो. इंग्रजी बातम्यांत याला गोठलेली पेन्शन म्हणतात. मराठीतही तोच शब्द चपखल बसतो.

## यादी नकाशावर ठेवून पाहा

ब्रिटन, युरोपीय संघाचे देश, नॉर्वे, आइसलँड, स्वित्झर्लंड आणि ज्यांच्याशी वाढीचा करार झालेला आहे असे काही देश: अमेरिका, फिलिपिन्स, इस्रायल, तुर्कस्तान, मॉरिशस, जमैका, बार्बाडोस, जुन्या युगोस्लाव्हियातून निघालेले काही देश. इथे पेन्शन वाढते. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, भारत, पाकिस्तान, बांगलादेश इथे वाढत नाही.

या यादीमागचं तत्त्व शोधायला गेलं की माणूस चक्रावतो. नायगारा धबधब्याच्या अमेरिकन काठावर राहणाऱ्या ब्रिटिश आजोबांची पेन्शन वाढते, पलीकडच्या कॅनडाच्या काठावरच्यांची नाही. कॅरिबियन समुद्रात जमैका आणि बार्बाडोसला वाढ आहे, त्रिनिदाद आणि अँटिग्वाला नाही. ज्या फॉकलंड बेटांसाठी ब्रिटनने 1982 मध्ये युद्ध केलं, तिथेही पेन्शन गोठते. ती बेटं तर ब्रिटनच्याच ताब्यातली. जिब्राल्टर आणि बर्म्युडाला मात्र वाढ मिळते.

गरीब देश-श्रीमंत देश, मित्र-शत्रू, राष्ट्रकुलातला-बाहेरचा, कोणतीही फूटपट्टी लावा, हिशेब जुळत नाही. ज्या देशाशी ज्या काळात ज्या अटींवर करार झाला, तो यादीत गेला. एवढंच त्यामागचं कारण.

## हे असं झालं कसं

नॅशनल इन्शुरन्सची योजना जुलै 1948 मध्ये सुरू झाली. तेव्हा पेन्शन मुळात ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांसाठी होती. 1955 पासून ती जगात कुठेही मिळू लागली, पण नंतरच्या वाढींचा दरवाजा बंदच ठेवला गेला. त्या वेळी कोणाला फारसं वाईट वाटलं नाही, कारण तेव्हा पेन्शन दरवर्षी वाढतही नव्हती. मधूनमधून, सरकारच्या मनात आलं की वाढायची. वार्षिक वाढ हा नियम झाला सत्तरच्या दशकात, जेव्हा महागाईने ब्रिटनचं कंबरडं मोडलं. तिथून पुढे वाढ असलेले आणि नसलेले यांच्यातली दरी दरवर्षी रुंदावत गेली.

त्याआधी आणि त्या काळात काही देशांशी दुतर्फा करार झाले. आमचे लोक तुमच्याकडे, तुमचे आमच्याकडे, तर दोघांनी एकमेकांच्या म्हाताऱ्यांची सोय पाहू, असा त्यांचा आशय. नंतर खर्च दिसू लागला आणि ब्रिटनने वाढीचे नवे करार करणं जवळपास थांबवलं. जे आत होते ते आत राहिले. दार लागलं तेव्हा भारत बाहेर होता.

## "मी भरलेत ना पैसे? मग ते माझेच!"

पहिला आक्षेप हाच येतो आणि तो मनापासूनचा असतो. पस्तीस वर्षं कापून घेतलेत, आता कुठे राहायचं ते मी ठरवीन.

इथे एक गैरसमज दूर करावा लागतो. नॅशनल इन्शुरन्स म्हणजे आपला पीएफ नव्हे. पीएफमध्ये तुमच्या नावाचं खातं असतं, त्यात तुमचे पैसे साठतात, व्याज चढतं, नोकरी सुटली की काढता येतात. नॅशनल इन्शुरन्समध्ये तुमच्या नावाने साठते ती फक्त वर्षांची नोंद. पैसा साठत नाही. ही एक अवाढव्य भिशी आहे असं समजा. या महिन्यात आजचे कमावते लोक जे भरतात ते याच महिन्यात आजच्या म्हाताऱ्यांना वाटलं जातं. तुम्ही 1985 मध्ये भरलेले पैसे 1985 च्याच आजी-आजोबांच्या हातात गेले. तुमची पाळी येईल तेव्हा त्या वेळची तरुण पिढी भरेल, या भरवशावर ही भिशी चालते. म्हणूनच देश सोडताना "माझे पैसे परत द्या" म्हणता येत नाही.

ब्रिटनच्या सरकारने न्यायालयात हाच धागा पकडला. दक्षिण आफ्रिकेत स्थायिक झालेल्या ॲनेट कार्सन यांनी खटला भरला होता. 2000 साली त्यांची मूळ पेन्शन आठवड्याला 67.50 पौंडांवर गोठली होती. प्रकरण हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत (तेव्हा ब्रिटनचं सर्वोच्च न्यायालय तेच होतं) गेलं आणि 2005 मध्ये चार विरुद्ध एक अशा मताने त्या हरल्या. मग आणखी बारा जण सोबत आले आणि दाद स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाकडे गेली. तिथल्या सतरा न्यायाधीशांच्या मोठ्या खंडपीठाने 16 मार्च 2010 रोजी निकाल दिला: अकरा विरुद्ध सहा, पुन्हा सरकारच्या बाजूने.

न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं. पेन्शन ही कर, अनुदान, आरोग्यसेवा या सगळ्या गुंत्यातला एक भाग आहे. ती त्या देशातल्या रहिवाशांचं किमान जीवनमान राखण्यासाठी आहे. परदेशात राहणाऱ्याभोवतीची महागाई, पगार, व्याजदर, चलन सगळंच वेगळं, म्हणून तो ब्रिटनमधल्या पेन्शनरासारख्याच स्थितीत आहे असं म्हणता येत नाही. आणि एका देशाशी करार केला म्हणून तो सगळ्यांशी करावा लागतो, असंही नाही.

हा युक्तिवाद मी पुन्हा पुन्हा वाचला आहे. त्यातला शेवटचा भाग कायद्याच्या दृष्टीने पक्का आहे. पण मधला भाग मला पटत नाही. मनिलाची महागाई लंडनपेक्षा वेगळी नाही का? तिथलं चलन पौंड आहे का? मारियाला वाढ देताना ही कारणं आड येत नाहीत, सुनंदाताईंना नाकारताना येतात. सहा न्यायाधीशांनाही बहुमताचं म्हणणं पटलं नव्हतं, ही गोष्ट लहान नाही.

आपल्याकडे याच्या अगदी उलट सूर लागलेला आहे. 17 डिसेंबर 1982 रोजी, सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालच्या पाच न्यायमूर्तींच्या खंडपीठाने डी. एस. नाकारा यांच्या खटल्यात सांगितलं की पेन्शन ही सरकारच्या मर्जीवर मिळणारं बक्षीस नाही, तो हक्क आहे, आणि निवृत्तीची तारीख पुढे करून पेन्शनरांत भेद करता येणार नाही. म्हणूनच आपल्याकडे 17 डिसेंबर हा पेन्शनर दिन मानतात. तो निकाल सरकारी कर्मचाऱ्यांपुरता होता आणि ब्रिटनला तो लागू होत नाही, हे खरं. तरी कार्सन यांच्या वकिलांचं म्हणणं ज्याला समजून घ्यायचंय, त्याला नाकारा निकालातला विचार आधीपासून ओळखीचा असतो.

## हे दुखणं आपल्याला नवं नाही

गोठलेल्या पेन्शनीचं दुःख कळायला लंडनला जायची गरज नाही. एखाद्या घरात दोन भाऊ असतात. एक राज्य सरकारच्या नोकरीतून जुन्या पेन्शनीवर निवृत्त झालेला, दुसरा साखर कारखान्यातून किंवा एसटीतून ईपीएस-95 च्या, म्हणजे पीएफला जोडलेल्या योजनेच्या पेन्शनीवर. महागाई भत्ता जाहीर झाला की थोरल्याची पेन्शन सरकते. धाकट्याची जिथल्या तिथे. ईपीएस-95 ची किमान पेन्शन सप्टेंबर 2014 मध्ये एक हजार रुपये ठरली आणि तिला महागाई भत्त्याची जोड नाही. त्यासाठी बुलढाण्यात म्हातारी माणसं वर्षानुवर्षं साखळी उपोषणाला बसली.

धाकट्या भावाला विचारा, आकडा तोच राहिला म्हणजे काय होतं. गॅस सिलिंडर, रक्तदाबाच्या गोळ्या, डॉक्टरची फी, सगळं पुढे जातं. पेन्शन कमी झाली असं कोणी म्हणत नाही, पण तिच्यात येणाऱ्या गोष्टी दरवर्षी कमी होतात.

## "पण पौंड तर वाढतोच की"

हा आक्षेप भारतासारख्या देशात राहणारा माणूसच घेऊ शकतो, आणि त्यात तथ्य आहे. एप्रिल 2016 मध्ये पौंड 95 रुपयांच्या आसपास होता. म्हणजे सुनंदाताईंचे 155.65 पौंड तेव्हा साधारण 14,800 रुपये होत. पौंड 115 धरला तर तेच आज 17,900 होतात. रुपया घसरल्याने दहा वर्षांत वीस-एकवीस टक्क्यांची वाढ आपोआप मिळाली. कॅनडा-ऑस्ट्रेलियातल्या पेन्शनरांना असा आधार नाही.

तरी दहा वर्षांपूर्वीचा किराणा आणि आजचा किराणा डोळ्यांसमोर आणा. आरोग्य विम्याचा हप्ता आठवा. वीस टक्क्यांत तो फरक भरून निघत नाही. शिवाय विनिमय दर हा वायदा नाही. तो कधी वर जातो, कधी खाली, आणि त्याच्या जोरावर म्हातारपण आखता येत नाही.

## "स्वतःच्या मर्जीने गेले, मग तक्रार कसली?"

ब्रिटनमधले अनेक करदाते असं म्हणतात आणि त्यांचा रागही समजण्यासारखा आहे. इथे राहणारा पेन्शनर इथेच खर्च करतो, प्रत्येक वस्तूवर कर भरतो. तो पैसा फिरून तिजोरीत येतो. बाहेर गेलेल्याचा येत नाही.

याला एक दुसरी बाजू आहे. बाहेर गेलेला म्हातारा माणूस ब्रिटनच्या आरोग्यसेवेवर, घरी येणाऱ्या मदतनिसांवर, बसच्या मोफत पासवर एक पेनी खर्च करायला लावत नाही. सत्तरीनंतर माणसावर होणारा खर्च पाहता ही बचत लहान नाही. आणि मर्जी म्हणायची तर कोणाची? नातवंडं ऑस्ट्रेलियात, म्हणून आजी तिकडे गेली. नवरा वारला, बर्मिंगहॅमच्या थंडीत एकटीने राहवेना, भावाबहिणींच्या सोबतीला बाई सांगलीला आली. अनेकांना निघताना या नियमाचा पत्ताही नव्हता; पहिला एप्रिल सुका गेला तेव्हा कळलं.

"परवडणार नाही" हाही आक्षेप आहे. मागची सगळी थकबाकी मोजली तर आकडा मोठा होतो, हे मान्य. पण या पेन्शनरांसाठी झगडणाऱ्या संघटना थकबाकी मागत नाहीत. आज जो आकडा आहे तिथून पुढे तरी वाढ द्या, एवढंच त्यांचं म्हणणं आहे.

एक गोष्ट फार थोड्या लोकांना ठाऊक असते. त्याच सुनंदाताईंना रुग्णालयाच्या नोकरीची जी वेगळी पेन्शन मिळते, ती दरवर्षी महागाईनुसार वाढते. सांगलीतसुद्धा. सार्वजनिक सेवेतल्या पेन्शनींना देशाची अट नाही. म्हणजे परदेशातल्या माणसाची पेन्शन वाढवणं अवघड आहे असं मुळीच नाही. ब्रिटन ते आजही करतं.

## सहा आठवड्यांची वाढ

गोठलेल्या पेन्शनीवरचा माणूस भेटीसाठी ब्रिटनला गेला आणि त्याने पेन्शन कार्यालयाला कळवलं, तर तिथे असेपर्यंत त्याला चालू दराने पेन्शन मिळू शकते. सुनंदाताई मुलीकडे सहा आठवडे राहिल्या तर सहा आठवडे 241.30 पौंड. विमान मुंबईत उतरलं की पुन्हा 155.65.

कायमचं परत गेलं तर कायमची वाढ. म्हणूनच ऑस्ट्रेलिया-कॅनडातून काही वृद्ध ब्रिटिश नाइलाजाने मायदेशी परततात. तिथे त्यांची दुसरी अडचण सुरू होते. उत्पन्न कमी असलेल्या पेन्शनरांना मिळणारी पूरक मदत, घरभाड्याचा आधार, या गोष्टींसाठी तुम्ही खरोखरच ब्रिटनमध्ये राहायला आला आहात हे सिद्ध करावं लागतं. ब्रिटिश पासपोर्ट पुरत नाही. घराचा करार, सामान आणल्याच्या पावत्या, बँक खातं, डॉक्टरकडची नोंदणी असे पुरावे लागतात. आणि पत्त्याच्या पुराव्याशिवाय बँक खातं नाही, खात्याशिवाय घर नाही, या चक्रात पंचाहत्तरीचा माणूस अडकतो. आपल्याकडे बदली होऊन नव्या शहरात गेलेल्याला आधारवरचा पत्ता बदलताना जे होतं, त्याची ही थोरली आवृत्ती.

## दहा वर्षांचा उंबरठा: आयटीतल्या मुलामुलींनी हे वाचावं

आता जी गोष्ट सांगतो आहे ती गोठण्यापेक्षाही जास्त मराठी घरांना लागू आहे. पुण्याहून पाच-सात वर्षांसाठी ब्रिटनला गेलेल्या, तिथे पूर्ण कपात भरलेल्या आणि परतलेल्या मुलांची संख्या मोठी आहे. भारत आणि ब्रिटन यांच्यात दोन्हीकडची वर्षं एकत्र मोजण्याची सोय नाही. त्यामुळे सात वर्षं भरून परतलेल्याच्या हाती पेन्शन शून्य.

आतापर्यंत यावर एक सरळ उपाय होता. ब्रिटनमध्ये तीन वर्षं राहिलेला किंवा भरलेला माणूस परतल्यावर घरबसल्या ऐच्छिक हप्ते भरून दहाचा आकडा गाठू शके. त्यातही बाहेर गेल्यावर काम सुरू ठेवलेल्यांना स्वस्त हप्ता होता: 2025-26 मध्ये आठवड्याला 3.50 पौंड, म्हणजे वर्षाला 182. नेहमीचा ऐच्छिक हप्ता त्याच वर्षी 17.75 पौंड, म्हणजे वर्षाला 923.

नोव्हेंबर 2025 च्या अर्थसंकल्पाने हे बदललं. 6 एप्रिल 2026 पासून परदेशातल्यांसाठी स्वस्त हप्ता बंद, आणि बाहेरून भरायला सुरुवात करायची तर तीनऐवजी दहा वर्षांचं वास्तव्य किंवा दहा वर्षांची भरणा असायला हवी. म्हणजे ज्याला दहाचा आकडा गाठण्यासाठी हप्ते हवे होते, त्याच्यासाठीच दार लागलं. आधीपासून भरणाऱ्यांनी आणि जुन्या वर्षांतली तूट भरू पाहणाऱ्यांनी आपल्याला कोणता नियम लागतो हे लेखी विचारून घ्यावं. ब्रिटनमध्ये नऊ वर्षं झालेल्याने परतीची तारीख ठरवताना हा आकडा समोर ठेवावा. एका वर्षाचा फरक आयुष्यभर पुरतो.

## परतल्यावर आपल्याकडचा कर

भारत-ब्रिटन करारानुसार भारतात रहिवासी असलेल्या माणसाच्या स्टेट पेन्शनवर कर भारतात लागतो. परतल्यानंतरची पहिली दोन-तीन वर्षं बहुतेकांना अर्ध-रहिवासी दर्जा मिळतो आणि परदेशातल्या उत्पन्नावर इथे कर नसतो. पण पेन्शन थेट पुण्याच्या खात्यात जमा होत असेल तर ती भारतात मिळालेली रक्कम ठरते आणि ही सवलत हातची जाते. ती आधी ब्रिटनमधल्या खात्यात घ्यायची की नाही, हे परतण्यापूर्वीच सीएला विचारावं.

पूर्ण रहिवासी झाल्यावर ब्रिटनमधली बँक खाती, शेअर, खासगी पेन्शन हे सगळं विवरणपत्रातल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावं लागतं. न दाखवल्यास काळ्या पैशाच्या 2015 च्या कायद्याखाली दहा लाखांचा दंड होऊ शकतो. ऑक्टोबर 2024 पासून स्थावर सोडून वीस लाखांपर्यंतच्या मालमत्तेला त्यातून सूट आहे. अनिवासी म्हणून काढलेली बँक खातीही परतल्यावर साध्या खात्यात बदलून घ्यावी लागतात. मालमत्ता विकून टाकायची सक्ती नाही. तिकडे असताना घेतलेलं घर ठेवता येतं.

आणि हयातीचा दाखला. तो फक्त आपल्याकडच्या नोव्हेंबरमध्येच नसतो. ब्रिटनचं पेन्शन कार्यालयही मधूनमधून फॉर्म पाठवतं, साक्षीदाराची सही घेऊन तो मुदतीत परत करावा लागतो. पत्ता बदलला आणि टपाल चुकलं की पेन्शन थांबते. घरातल्या धाकट्यांनी यावर लक्ष ठेवावं.

## हे बदलेल का?

कॅनडाने करार मागितला, ब्रिटनने नकार दिला. ऑस्ट्रेलियाने तर निषेध म्हणून 1 मार्च 2001 पासून ब्रिटनशी असलेला सामाजिक सुरक्षा करारच मोडला, कारण गोठलेल्या पेन्शनीवर भागत नसलेल्या ब्रिटिश वृद्धांना ऑस्ट्रेलियाचा करदाता पदरमोड करून आधार देत होता. उलट युरोपीय संघातून बाहेर पडताना ब्रिटनने स्पेन आणि फ्रान्समधल्या आपल्या पेन्शनरांची वाढ वाटाघाटी करून टिकवली. इच्छा असली की करार होतो, याचं हे अलीकडचं उदाहरण.

भारतासाठी 2025 हे मोठं वर्ष होतं. 24 जुलैला व्यापार करारावर सह्या झाल्या आणि त्याच्या जोडीला सामाजिक सुरक्षेचाही करार ठरला. त्याचा विषय मात्र तात्पुरत्या कामासाठी गेलेल्या कर्मचाऱ्यांना दोन्ही देशांत कपात भरावी लागू नये, एवढाच आहे. कंपन्यांना त्याचा फायदा होईल, मुलांच्या हाती थोडा जास्त पगार पडेल. पेन्शनवाढीचा त्यात समावेश नाही, आणि जो तिथे कपात भरणार नाही त्याची वर्षंही मोजली जाणार नाहीत. भारताची बाजू इतकी वजनदार पूर्वी कधी नव्हती. पुढच्या बोलणीत परतलेल्या परिचारिकांचा, बसचालकांचा, गिरणीकामगारांचा विषय आपल्या सरकारने टेबलावर ठेवावा, असं मला फार वाटतं.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या सैन्यसेवेत काम केलेल्या ॲन पकरिज 2001 मध्ये मुलीजवळ राहायला कॅनडातल्या कॅल्गरीला गेल्या. त्यांची पेन्शन आठवड्याला 72.50 पौंडांवर थांबली. ब्रिटनमध्ये त्याच, 2016 पूर्वीच्या जुन्या पद्धतीच्या पेन्शनीचा एप्रिल 2026 पासूनचा दर 184.90 पौंड आहे. डिसेंबर 2024 मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्या विमानाने लंडनला आल्या आणि संसदेत जाऊन हा नियम बदला म्हणून सांगितलं. नियम बदलला नाही. त्या कॅल्गरीला परतल्या, त्याच 72.50 पौंडांवर.